कामाची वाट आधी, घर नंतर: कोल्हापूरच्या उपनगरात राहायची जागा कशी निवडावी

कोल्हापुरात कुणालाही विचारा, "तुमच्याकडून गाव किती लांब?" उत्तर ठरलेलं: "धा मिनिटं." पाचगावचा माणूस दहा मिनिटं सांगतो, फुलेवाडीचा दहाच सांगतो, उचगावचाही दहाच. रात्री साडेदहाला रिकाम्या रस्त्यावर ते खरंही असतं. पण नोकरीवर जाणारा माणूस सकाळी दहाच्या ठोक्याला कावळा नाक्यावर असतो, संध्याकाळी साडेसहाला परीख पुलाखाली असतो, आणि जुलैत रोज सकाळी उठून राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघत असतो. घर निवडताना हाच माणूस डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

हे लिहायला घेतलं कारण गेल्या काही वर्षांत घर शोधणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. पेठेतल्या वाड्यात जागा पुरेना म्हणून बाहेर पडणारी जोडपी आहेत, मुलांच्या शिक्षणासाठी गावाकडून शहरालगत येणारी कुटुंबं आहेत, एमआयडीसीत नव्यानं लागलेली पोरं आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, तेव्हापासून सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले वकील आणि त्यांचे सहकारीही भाड्याच्या जागा शोधत फिरतात. यातले बहुतेक जण आधी दर विचारतात, मग फ्लॅट बघतात, मग पार्किंग. रस्ता सगळ्यात शेवटी बघतात. माझ्या मते हा क्रम उलटा करायला हवा. आणि रस्ता बघताना किलोमीटरवर जाऊ नका. घर आणि कामाच्या मधे काय येतं ते बघा: नदी, रेल्वेचा रूळ, की उसाचा रस्ता.

आधी कामाचा पत्ता आणि वेळ लिहून काढा

ही पायरी सोपी वाटते म्हणून लोक ती गाळतात. एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, तो रोज कुठं जातो, किती वाजता पोचावं लागतं आणि किती वाजता सुटतो, हे लिहा. "शिरोली एमआयडीसी" एवढं लिहून भागत नाही. पहिल्या पाळीला की जनरलला? रात्रपाळी येते का? साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी? कारण पहिल्या पाळीचा कामगार सकाळी सव्वासहाला निघतो तेव्हा तावडे हॉटेल चौकापासून सांगली फाट्यापर्यंत रस्ता मोकळा असतो. जनरल शिफ्टवाला त्याच रस्त्यावर दोन-अडीच तासांनी येतो, तेव्हा चित्र वेगळं असतं. अंतर एकच, वाट मात्र दोन.

मुलांची शाळा आणि क्लासही त्याच कागदावर लिहा. शाळेची रिक्षा कुठपर्यंत येते, हे शाळेत विचारण्यापेक्षा रिक्षावाल्या मामांना विचारा. त्यांचा मार्ग ठरलेला असतो आणि तुमच्या एका पोरासाठी ते तीन किलोमीटर आत येणार नाहीत. घरात वयस्कर मंडळी असतील तर त्यांचा दवाखानाही लिहा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे महिन्यातून दोनदा जायचं असेल तर तीही एक वारीच आहे.

नदी कुठल्या बाजूला?

आता नकाशा घ्या आणि पंचगंगा शोधा. नदी शहराच्या पश्चिमेकडून येते, उत्तरेला वळसा घालते आणि पूर्वेला महामार्गाखालून पुढं शिरोळकडे जाते. म्हणजे पश्चिम, उत्तर आणि ईशान्य या तिन्ही अंगांना शहरातून बाहेर पडायचं तर पूल ओलांडावा लागतो. गगनबावडा रस्त्यावर बालिंग्याचा पूल, पन्हाळा-जोतिबाकडे शिवाजी पूल, शियेकडे जायला कसबा बावड्यापुढचा रस्ता आणि पूल, पुण्याकडे महामार्गावरचा पूल. दक्षिणेला मात्र हा अडसर नाही. शहर कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडीकडे वाढलं त्यामागं हेही एक मोठं कारण आहे.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. कोल्हापूरकराला हे आकडे पाठ असतात, बाहेरून आलेल्यानं ते पाठ करावेत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. पण महापुराचं सोडा. ती वर्षं रोजची नसतात आणि तेव्हा सगळं गावच थांबतं. तुमच्या रोजच्या वाटेला खरा त्रास होतो तो त्याच्या अलीकडच्या पातळ्यांना, ज्या जवळपास दर पावसाळ्यात येतात. बंधारे आधी पाण्याखाली जातात, म्हणजे पलीकडच्या गावांची बंधाऱ्यावरची जवळची वाट गेली. मग सखल रस्ते जातात. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळा रस्त्यावर पाणी येतं. बावडा-शिये रस्ता, बालिंगा पूल, आंबेवाडी-चिखलीकडचा भाग, सगळीकडून बातम्या यायला लागतात. अशा वेळी पलीकडे राहणारा माणूस लांबच्या वळशानं येतो किंवा अलीकडे पाहुण्यांकडे मुक्काम करतो.

म्हणून माझा पहिला नियम: घर आणि रोजचं काम नदीच्या एकाच बाजूला असावं. शिरोली एमआयडीसीत काम असेल तर नागाव, पुलाची शिरोली, शिये, हातकणंगले रस्ता यांचा विचार आधी करा, आणि शहरात घर हवंच असेल तर वर्षातले काही दिवस रजा किंवा दुसरीकडे मुक्काम गृहीत धरा. काम गोकुळ शिरगावला किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत असेल तर दक्षिणेला राहा, नदी तुमच्या वाटेत येतच नाही. वडणगे, आंबेवाडी, केर्ली या बाजूला जमीन चांगली, हवा चांगली, शहर जवळ. तिथं शेती असेल, घरचं काही असेल तर जरूर राहा. पण शहरात रोज ठरल्या वेळी कार्डपंच करणाऱ्यानं दर बघून तिकडे वळू नये.

दुसरी गोष्ट शहरातल्याच पाण्याची. जयंतीसारख्या नाल्यांतून पुराचं पाणी मागं सरकतं आणि नदीपासून लांब वाटणाऱ्या भागात शिरतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, बापट कॅम्प, कदमवाडी आणि नागाळा पार्कचा काही भाग यांनी हे पाणी बघितलेलं आहे. या सगळ्या भागांना नावं ठेवण्याचा हेतू नाही. एकाच कॉलनीत वरच्या गल्लीत थेंब नसतो आणि खालच्या गल्लीत कंबरभर पाणी असतं, म्हणून चौकशी भागाची करून उपयोग नाही, गल्लीची करावी लागते.

ती कशी करायची? एजंटला विचारू नका. गल्लीच्या तोंडाशी जी जुनी पानपट्टी किंवा किराणा दुकान असेल तिथं थांबा, चहा घ्या, आणि विचारा, "दादा, २०१९ ला पाणी कुठवर आलं हुतं?" लोक हातानं दाखवतात. कदमवाडीच्या एका दुकानदारानं मला बोलता बोलता काउंटरच्या मागची फळी सरकवून भिंत दाखवली. रंग दिला होता तरी छातीच्या उंचीवर आडवी ओल दिसत होती. "ही १९ ची. २१ ला ह्याच्या वर चार बोटं. तवापासून साखरंची पोती वरच्या फळीवर," एवढंच तो म्हणाला. अशी माहिती कुठल्याही ब्रोशरमध्ये मिळत नाही. सोबत पूररेषेचा नकाशाही बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट किंवा इमारत कुठल्या रेषेत येते हे नगररचना कार्यालयात गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक देऊन विचारा. इमारतीत पाणी येत नसेल पण तिथून बाहेर पडायचा एकमेव रस्ता बुडत असेल, तरी कामाच्या हिशोबानं ते घर बुडालेलंच समजा.

रूळ आणि चौक

रेल्वे कोल्हापुरात येऊन संपते, पण येताना शहराचे दोन भाग करून येते. राजारामपुरी, सागरमाळ, विद्यापीठ हा एक भाग. स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक, शाहूपुरी, ताराबाई पार्क, कसबा बावडा हा दुसरा. या दोघांना जोडणाऱ्या वाटा मोजक्या आहेत: परीख पूल, टेंबलाईवाडीचा उड्डाणपूल, नाहीतर महामार्गाला लागून उचगावकडून वळसा. परीख पुलाखाली जोराच्या पावसात पाणी तुंबतं आणि सगळी गर्दी दुसऱ्या वाटांवर जाते. राजारामपुरीतून स्टेशन रोडवर चालत जाणारा माणूस दुचाकीवाल्याच्या आधी पोचला, असं पावसाळी संध्याकाळी घडू शकतं.

चौकांचा विचार साधा आहे. घरापासून कामापर्यंत कावळा नाका, दाभोळकर कॉर्नर, उमा टॉकीज, मिरजकर तिकटी, गंगावेश, सायबर चौक यांतले किती लागतात ते मोजा. दोनच्या वर गेले तर दुसरी वाट शोधा. दुसरी वाट सापडत नसेल तर दुसरा भाग शोधा. सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आल्यापासून दसरा चौक ते सीपीआर हा पट्टाही कामाच्या दिवशी भरलेला असतो, तो यादीत धरा.

ऊस, यात्रा आणि मिरवणुका

बाहेरच्या माणसाला हे आधी कळत नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. कुडित्र्याच्या कुंभी-कासारी कारखान्याकडे, परित्याच्या भोगावतीकडे आणि कसबा बावड्यातल्या राजाराम कारखान्याकडे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा लागतात. संध्याकाळी सातला फुलेवाडी नाक्यावर उभं राहून बघा. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर आलेले, मागं लाल दिवा असेलच याची खात्री नाही, आणि त्यामागं दुचाकींची रांग. ओव्हरटेक करायला जावं तर समोरून गगनबावड्याची एसटी. या रस्त्यावर रोज अंधारात परतायचं असेल तर ते आधीच ठरवून घ्या. विशेषतः नव्यानं गाडी शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला या वाटेनं रोज पाठवायचं का, याचा विचार घरात बसून करा.

नवरात्रात अंबाबाई मंदिराभोवतीचे रस्ते, गणपती विसर्जनाला महाद्वार रोड, चैत्रात जोतिबाची यात्रा, आषाढात त्र्यंबोलीची यात्रा. हे वर्षातले ठरलेले दिवस आहेत, त्यांचा आनंदही आपलाच आहे. पेठेच्या पलीकडे कामाला जाणाऱ्यानं त्या दिवसांसाठी एक वळशाची वाट पाठ करून ठेवावी, एवढंच.

कुठल्या दिशेला कुणी राहावं

दक्षिण बाजू: जरगनगर, आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव, कळंबा. विद्यापीठ, राजारामपुरी, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल इथं काम असणाऱ्यांसाठी माझी पहिली पसंती हीच. पूर नाही, उंचावरची जागा, महामार्गाला उजळाईवाडीकडून लागता येतं. सकाळची कोंडी एसएससी बोर्ड, हॉकी स्टेडियम, सायबर चौक या पट्ट्यात होते. पाचगाव-मोरेवाडीच्या आतल्या कॉलन्यांचे रस्ते मात्र स्वतः गाडी घालून बघा. मुख्य रस्ता गुळगुळीत आणि शेवटचा अर्धा किलोमीटर मुरूम, असं अनेक ठिकाणी आहे, आणि पावसात हाच अर्धा किलोमीटर सगळ्यात जास्त छळतो.

कळंब्यापुढं गारगोटी रस्त्याला आणि कंदलगाव, गिरगावकडे प्लॉट मोठे मिळतात. ज्याचं काम घरून चालतं किंवा आठवड्यातून दोन-तीनदाच शहरात यावं लागतं त्याला हा भाग फार चांगला.

पूर्व बाजू: टेंबलाईवाडी, उचगाव, सरनोबतवाडी, गांधीनगर, वळीवडे. महामार्ग हाताशी असल्यानं शिरोली आणि गोकुळ शिरगाव दोन्हीकडे जाता येतं, म्हणून ज्याची कंपनी बदलण्याची शक्यता आहे त्यानं इकडे बघावं. गांधीनगर ही कापडाची घाऊक बाजारपेठ आहे, त्यामुळे आतल्या रस्त्यांवर दिवसभर टेम्पो आणि माल उतरवणं चालू असतं. सातारा-कागल सहापदरीकरणामुळे सेवा रस्ते आणि वळणं बदलत राहतात. इथं कळकळीची विनंती: वळसा वाचवायला सेवा रस्त्यावरून उलट दिशेनं गाडी घालायची सवय लावून घेऊ नका. ज्या घरातून कामावर जायला रोज उलट दिशेनं जावं लागतं, ते घरच नको.

उत्तर बाजू: ताराबाई पार्क, नागाळा पार्क, लाइन बाजार, कसबा बावडा, रुईकर कॉलनी. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय, सरकारी कचेऱ्या इथं जवळ. सरकारी नोकरदाराला चालत ऑफिसला जाता येईल असे हे कोल्हापुरातले थोडके भाग. दर जास्त, आणि गल्लीनिहाय पुराची चौकशी केल्याशिवाय इथं सही करू नये.

पश्चिम बाजू: रंकाळा, साने गुरुजी वसाहत, आपटेनगर, राजोपाध्येनगर, फुलेवाडी. पेठेत दुकान असणाऱ्यांसाठी, शिवाजी पेठ-मंगळवार पेठेशी नातं सुटू न देता बाहेर पडणाऱ्यांसाठी उत्तम. एमआयडीसीला जाणाऱ्यानं मात्र टाळावं, कारण रोज दोन वेळा शहर आरपार करावं लागतं. रिंगरोडनं वळसा घातला तरी वेळ फारसा वाचत नाही.

कशानं जाणार?

कोल्हापूर दुचाकीचं गाव आहे आणि बहुतेकांचा हिशोब दुचाकीवरच असतो. तरी घरात एक तरी माणूस गाडी न चालवणारा असतोच. त्याच्यासाठी केएमटी (महापालिकेची बस), एसटी आणि वडाप (खासगी प्रवासी गाड्या) बघावं लागतं.

केएमटीचं वेळापत्रक बघून समाधान मानू नका. ज्या थांब्यावरून रोज बस पकडायची तिथं कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी उभं राहा. बस आली का, तिच्यात पाय ठेवायला जागा होती का, हे बघा. शेवटची परतीची बस किती वाजता, ते थांब्याजवळच्या दुकानदाराला विचारा. शहराबाहेरच्या गावांना वडापचा मोठा आधार आहे, पण वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि रात्री आठनंतर त्याचा भरवसा नाही.

कागल, हातकणंगले, जयसिंगपूर अशा ठिकाणांहून येणाऱ्याला एसटी परवडते. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो. गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. मुलगी आठवी-नववीत असेल आणि तुम्ही शहराबाहेरच्या गावात घर बघत असाल, तर तिच्या शाळेच्या वेळेला एसटी येते का, हा प्रश्न दराच्या आधी विचारा.

आणि रेल्वे. वळीवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर ही मिरज मार्गावरची स्टेशनं. कोल्हापूर-मिरज अंतर सुमारे ४८ किलोमीटर. पॅसेंजरचा पास स्वस्त पडतो आणि उतरलात की मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याजोगं. स्टेशन रोड, शाहूपुरी, मार्केट यार्ड इथं काम असेल आणि ड्युटीची वेळ गाडीशी जुळत असेल तर हा पर्याय मनावर घ्या. गाड्या मोजक्या असतात, म्हणून परतीची गाडी चुकली तर पुढची कधी हे आधी बघा. आणि मोठ्या पुरात रुकडीच्या पुलापाशी पाणी वाढलं की रेल्वेही थांबते, हे लक्षात असू द्या.

स्वस्त घर खरंच स्वस्त आहे का?

एक हिशोब करून दाखवतो. घर कामापासून १४ किलोमीटर. जाऊन-येऊन २८. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७२८ किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर १६ लिटर पेट्रोल. लिटरचा दर शंभराच्या वर आहे, म्हणजे सुमारे १,७०० रुपये. हेच घर ५ किलोमीटरवर असतं तर ६०० रुपयांत भागलं असतं. फरक ११०० चा. घरात दोन गाड्या, दोघांचीही वाट तेवढीच, तर २,२०० चा. साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांच्या कर्जाला लाखामागं हप्ता साधारण ८७० रुपये बसतो. म्हणजे हे २,२०० रुपये अडीच लाखांच्या कर्जाचा हप्ता झाले. लांबचं घर जवळच्यापेक्षा अडीच लाखांनीच स्वस्त असेल तर ते स्वस्त नाहीच. यात टायर, सर्व्हिसिंग, पाठदुखी धरलेली नाही.

वेळेचा हिशोबही मांडा. रोज चाळीस मिनिटं जास्त गेली तर महिन्याला सतरा तासांहून अधिक जातात. पोराचा अभ्यास घेणं, आईला दवाखान्यात नेणं, तालमीत किंवा ग्राउंडवर जाणं, हे सगळं त्या तासांतलंच असतं.

दोघांच्या दोन दिशा असतील तर

माझा भाचा गोकुळ शिरगावला पहिल्या पाळीला, आणि सूनबाई कसबा बावड्याच्या एका शाळेत शिक्षिका, शाळा साडेदहाची. घरच्यांचं म्हणणं, मधलं बघा, राजारामपुरी घ्या. नकाशावर ते बरोबर मधोमध येतही होतं. पण वेळा लिहून काढल्यावर गोष्ट बदलली. तो सकाळी सव्वासहाला निघतो आणि दुपारी तीननंतर परततो, म्हणजे दोन्ही वेळा रस्ता त्याला मोकळा. ती मात्र ऐन दहाला निघते. राजारामपुरीतून तिला परीख पूल आणि पुढचे चौक रोज भर गर्दीत पार करावे लागले असते. मग त्यांनी रुईकर कॉलनीच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली, गल्लीत पुराची चौकशी करून. ती गर्दीच्या वेळी जवळच्या वाटेनं जाते. तो तावडे हॉटेलवरून महामार्गाला लागतो, किलोमीटर जास्त पण वेळ जवळपास तेवढाच.

म्हणजे जो गर्दीच्या वेळी प्रवास करतो, जवळीक त्याच्या वाट्याला द्यावी. मोकळ्या वेळी जाणाऱ्याला लांब पडलं तर चालतं. याला एक अपवाद आहे. रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्या माणसाला झोपेत लांबचा महामार्ग देऊ नका. तिथं त्याचाच विचार आधी.

जाऊन बघा, पण वेळ निवडून

एजंट तुम्हाला रविवारी सकाळी अकराला नेतो. तेव्हा कोल्हापुरातला कुठलाही भाग सुंदरच दिसतो. तुम्ही वेगळ्या वेळा निवडा.

कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, त्या घराच्या दारातून तुमच्या ऑफिसच्या दारापर्यंत स्वतः गाडी चालवा. पेट्रोल भरायला, पोराला शाळेत सोडायला थांबावं लागेल तर तेही थांबे घ्या. संध्याकाळी परतीची फेरी वेगळी मारा, सकाळ आणि संध्याकाळची कोंडी एका जागी नसते. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात एकदा जा, पाणी कुठं साचतं ते दिसेल. रात्री दहानंतर एकदा जा: दिवे आहेत का, कुत्री किती, एकट्या बाईनं गाडी लावून गेटपर्यंत चालत जावं असा रस्ता आहे का. हे बघायला घरातली बाई बरोबर असावी, कारण तिला जे दिसतं ते पुरुषाच्या नजरेतून सुटतं.

येऊ घातलेल्या पुलांवर आणि घोषणांवर घर घेऊ नका. 'दोन वर्षांत इथून उड्डाणपूल होणार' असं कुणी सांगितलं तर आज जो रस्ता आहे त्यावर हिशोब करा. पूल झाला तर आनंदच आहे.

हद्द आणि पाणी

महापालिका १९७२ ला झाली, पण हद्दवाढ अडून राहिल्यानं शहर केव्हाच हद्दीबाहेर गेलं आहे. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा इथं शहरासारखे फ्लॅट दिसतात, पण कारभार ग्रामपंचायतीचा. २०१७ ला ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं, त्यामुळे बांधकाम परवान्याची कागदपत्रं कुणाच्या सहीची आहेत ते तपासा. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हेही विचारा, कारण खड्डा पडल्यावर कुणाकडे जायचं ते त्यावरून ठरतं.

आणि पाणी. शहराला काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ ला मिळाली, हद्दीबाहेरच्या गावांच्या योजना वेगळ्या आहेत. नळाला पाणी किती दिवसांआड आणि किती वाजता येतं, हे शेजारणीला विचारा. पाणी सकाळी आठला येत असेल आणि तुम्ही दोघंही साडेसातला बाहेर पडत असाल, तर कामाची वेळ आणि पाण्याची वेळ यांचं भांडण रोज होणार.

विकत घेण्याआधी अकरा महिने भाड्यानं

शक्य असेल तर आवडलेल्या भागात आधी भाड्यानं राहा. करार १ जूनला सुरू होऊन ३० एप्रिलला संपेल असा करा. त्या अकरा महिन्यांत पावसाळा येतो, गणपती येतात, नवरात्र येतं, उसाचा हंगाम येतो, चैत्राची जोतिबा यात्रा येते. जूनमध्येच शाळा सुरू होतात, म्हणजे रिक्षाचंही जमतं. फ्लॅट ज्या सोसायटीत विकत घ्यायचा विचार आहे त्याच सोसायटीत भाड्यानं मिळाला तर फारच चांगलं: पाण्याचा टँकर उन्हाळ्यात किती वेळा येतो आणि त्याचे पैसे कोण देतं, हे घरमालक सांगत नाही, पण एप्रिलचा मेंटेनन्स भरताना कळतं. करारात मुदतवाढीचं कलम घालून घ्या, म्हणजे मे महिन्यात घर पसंत पडलंच तर व्यवहार पूर्ण होईपर्यंत सामान हलवावं लागणार नाही.